जुनी २४ मिमी, फ्लोटिंग एलिमेंट आणि अॅडॅप्टर: जवळचं लख्ख, लांबचे कोपरे सॉफ्ट. दोष कुणाचा?

यवतेश्वर_घाट, सातारा

मंडळी, एका लेन्सचा गुंता सुटत नाहीये. लेन्स निकॉनची २४ मिमी एफ/२.८ एआय-एस, म्हणजे ज्यात जवळच्या फोकससाठी फ्लोटिंग एलिमेंट आहेत ती. बॉडी सोनी ई माउंट, फुल फ्रेम, २४ मेगापिक्सेल. मधे साधा धातूचा अॅडॅप्टर, आत काच नाही, वायरिंग नाही.

काय दिसतंय ते सांगतो.

३० सेंमीवर तेरड्याचा तुरा घेतला तर फूल लख्ख येतं, तक्रार नाही. पण यवतेश्वरच्या घाटातून खाली शहर आणि समोर अजिंक्यतारा घेतला की मधला भाग चांगला आणि चारही कोपरे एफ/८ ला सुद्धा पुसल्यासारखे. एफ/२.८ ला आणखी एक भानगड: उजवी बाजू डावीपेक्षा जास्त सॉफ्ट. एफ/८ ला हा डावा-उजवा फरक जातो, कोपऱ्यांचा सॉफ्टपणा मात्र राहतो.

किल्ल्यावर फोकस नीट लागतो तेव्हा रिंगवर खूण २ मीटरच्या आसपास असते. त्यापुढे अनंतापर्यंत फिरवलं की सगळंच धूसर. याच अॅडॅप्टरवर जुनी ५० मिमी एफ/१.८ लावली तर कोपरे ठणठणीत.

म्हणजे २४ मधला फ्लोटिंग गट अडकलाय का? उघडून बघू का? आणि कासला फुलाच्या अजून जवळ जायला हिच्यामागे एक्स्टेंशन ट्यूब (लेन्स बॉडीपासून पुढे नेणारी पोकळ नळी) चालेल का?

कुपवाड_मायक्रॉन, सांगली

उघडू नका. थांबा जरा. तुमच्या प्रश्नातच उत्तर आहे: किल्ला लांब आणि रिंग २ मीटरवर.

फ्लोटिंग नाव असलं तरी त्या काचा काही मोकळ्या तरंगत नसतात. साध्या ५० मिमीमध्ये फोकस रिंग फिरवली की सगळ्या काचा एकगठ्ठा पुढे सरकतात. २४ मध्ये पुढचा आणि मागचा गट वेगवेगळ्या चालीने सरकतात, त्यामुळे दोघांच्या मधली हवेची फट अंतरानुसार बदलते. ही चाल खोबणीत कोरून ठेवलेली असते आणि तिला बांधलेली असते ती फक्त रिंग. समोर खरोखर किती लांब काय आहे हे त्या काचांना कळायला काही मार्ग नाही. रिंग २ मीटर म्हणाली की गट २ मीटरची फट घेऊन बसणार, मग समोर किल्ला असो की हातातली चहाची कपबशी.

आता हिशोब. लेन्स अनंतापासून जवळ आणताना किती पुढे सरकते, तर साधारण फोकल लेंग्थचा वर्ग भागिले अंतर. २४ चा वर्ग ५७६. २ मीटर म्हणजे २००० मिमी. ५७६ भागिले २००० = ०.२९ मिमी. म्हणजे तुमचा अॅडॅप्टर जवळजवळ ०.३ मिमी पातळ आहे.

तो मुद्दामच पातळ केलेला असतो. जाड झाला तर अनंत फोकस लागत नाही आणि गिऱ्हाईक माल परत पाठवतो. पातळ झाला तर फोकस अनंताच्या पलीकडे जातो, त्याची कोणी तक्रार करत नाही. म्हणून स्वस्तातला माल सगळा त्याच बाजूला झुकलेला.

५० ला काही होत नाही याचं कारणही हेच. ५० चा वर्ग २५००, भागिले ०.३ म्हणजे रिंगवर ८ मीटरच्या पुढे अनंत लागणार. रिंगवरचा आकडा चुकतो एवढंच. आतल्या काचांची आपसातली अंतरं ठरलेली असल्याने चित्र बिघडत नाही.

मोजायचं कसं: निकॉन एफची फ्लँज, म्हणजे माउंटच्या कडेपासून सेन्सर-फिल्मपर्यंतचं अंतर, ४६.५ मिमी, सोनी ईची १८ मिमी. अॅडॅप्टर २८.५० मिमी हवा. डिजिटल व्हर्नियरवर विसंबू नका, तो ०.०२-०.०३ सहज इकडे तिकडे दाखवतो आणि जबडा जरा तिरका धरला की आणखी. कुठल्याही मशीन शॉपमध्ये २५ ते ५० मिमीचा मायक्रोमीटर असतो, साताऱ्याच्या एमआयडीसीतही मिळेल. लेन्स ज्यावर टेकते ती उघडी धातूची कडा आणि बॉडीवर टेकणारी कडा, या दोन्हींमधलं माप घ्या. बाहेरची रंगवलेली शोभेची कडा मोजू नका, ती थोडी खाली-वर असते आणि तिथेच लोक फसतात. घड्याळाच्या तबकडीसारखं १२, ३, ६, ९ वाजता अशा चार ठिकाणी, प्रत्येक ठिकाणी तीनदा. आकडे इथे टाका.

भिंगवाला_मिरज

कुपवाडकरांचा हिशोब बरोबर. पण सगळं खापर जाडीवर फोडायला मी तयार नाही.

२४ मिमी अनंतापासून ३० सेंमीपर्यंत येताना जेमतेम अडीच-पावणेतीन मिमी सरकते. त्यातले ०.३ म्हणजे एक दशांशाच्या थोडं वर. फट तेवढीच चुकलीये. त्याने एफ/८ ला कोपरे उतरतात, हे खरं. पण 'पुसल्यासारखे' होत असतील तर आणखी काहीतरी भर घालतंय. शिवाय डावा-उजवा फरक फटीच्या चुकीने येतच नाही. फट चुकली तर बिघाड चारी बाजूंना सारखा दिसतो. एकच बाजू सॉफ्ट म्हणजे काहीतरी तिरकं आहे: अॅडॅप्टरची एक बाजू, नाहीतर लेन्समधला एखादा गट.

एफ/२.८ ला २४ मेगापिक्सेलच्या सेन्सरवर, एका पिक्सेलएवढा, म्हणजे ०.००६ मिमीचा डाग चालतो असं धरलं, तर फोकसची खोली दोन्ही बाजूंना जेमतेम ०.०१७ मिमी. एफ/८ ला तीच ०.०४८. म्हणून थोडा तिरकेपणा एफ/२.८ ला उघडा पडतो आणि एफ/८ ला लपतो. तुमचं वर्णन याच्याशी तंतोतंत जुळतं. म्हणजे दोन वेगळे रोग आहेत आणि दोघांना एकाच गोळीने बरं करू नका.

कोपरा सॉफ्ट दिसला की आधी त्याची जात ओळखायची:

भिंतीवर सपाट कार्डबोर्ड लावा. मधे आणि चारही कोपऱ्यांत छापील वर्तमानपत्राचे तुकडे चिकटवा. मधोमध छोटा आरसा भिंतीला चिकटून बसवा. कॅमेरा ट्रायपॉडवर. व्ह्यूमध्ये लेन्सचं स्वतःचंच प्रतिबिंब बरोबर मध्यावर दिसेपर्यंत कॅमेरा हलवा. तसं दिसलं की सेन्सर भिंतीला समांतर. स्पिरिट लेव्हलने हे काम होत नाही, कारण भिंतच ओळंब्यात नसते. मग आरसा काढा. १ मीटरवर फ्रेममध्ये साधारण दीड मीटर बाय एक मीटर येईल, ३० सेंमीवर वर्तमानपत्राचं अर्धं पान.

दहापट मोठं करून मध्यावर फोकस, फोटो. रिंगला हात न लावता चारही कोपरे बघा. मग कोपऱ्यावर फोकस करून दुसरा फोटो.

कोपरा दुसऱ्या फोटोत लख्ख झाला आणि मध्य गेला, तर फोकसचं प्रतल वाकलंय: फील्ड कर्व्हेचर. फट चुकल्यावर पहिलं हेच बिघडतं. फोकस कसाही केला तरी कोपऱ्यातली अक्षरं एका दिशेला ओढलेलीच राहिली, तर अॅस्टिगमॅटिझम किंवा कोमा. आणि समोरासमोरचे दोन कोपरे वेगवेगळ्या जागी फोकस होत असतील तर तिरकेपणा.

हेच सकाळी लवकर किल्ल्यावरच्या टॉवरवर करा. टॉवर मध्यावर धरून फोकस, मग रिंग न हलवता तोच टॉवर एकेका कोपऱ्यात. दहानंतर उन्हाने हवा लहरायला लागते, तेव्हाच्या फोटोवरून कुठल्याही लेन्सला दोषी ठरवू नका.

एक गोष्ट मात्र सगळ्यात आधी: कुणाकडे निकॉन एफ माउंटची, लाइव्ह व्ह्यू असलेली बॉडी असेल तर अर्धा तास मागून घ्या. अॅडॅप्टरविना त्याच लेन्सचे कोपरे चांगले आले तर लेन्स निर्दोष, विषय संपला.

हा 'रिंग एक सांगते, अंतर दुसरं' प्रकार डोळ्यांनी बघायचा असेल तर मीडियम फॉरमॅटच्या जुन्या वाइड लेन्स बघा. हॅसलब्लाडच्या ५० मिमी एफएलईला किंवा मामिया आरबी६७ च्या काही वाइड लेन्सना फ्लोटिंग गटाची वेगळी रिंग असते, ती फोटोग्राफरने हाताने अंतरावर लावायची. विसरलं की मध्य ठीक, कोपरे गेले. तुमच्या अॅडॅप्टरने तुमच्या वतीने ती रिंग चुकीची लावून ठेवलीये, असं समजा.

हळदफूल, सांगली

मधेच एक शंका. जवळ जाताना चित्र बिघडतंच का? लेन्स तीच, काचा त्याच.

भिंगवाला_मिरज

लेन्सचा आराखडा एका अंतराला धरून केलेला असतो, बहुतेक वेळा अनंताला. लांबून येणारे किरण जवळजवळ समांतर, जवळून येणारे पसरत येतात. मग प्रत्येक काचेवर किरण वेगळ्या उंचीवर आणि वेगळ्या कोनात पडतो. एका काचेने केलेला दोष दुसरी भरून काढत होती, तो ताळा मोडतो.

एसएलआरच्या वाइड लेन्समध्ये हे जास्त जाणवतं, कारण आरशाला जागा द्यायला त्यांची रचना उलट्या दुर्बिणीसारखी: पुढे विस्फारणारा गट, मागे गोळा करणारा. दोन्ही बाजू एकमेकींसारख्या नाहीत. समोरासमोर सारख्या रचनेच्या लेन्समध्ये बरेच दोष आपोआप कटतात, म्हणून त्या जवळ गेल्या तरी फार ढळत नाहीत. निकॉनने १९६७ मध्ये २४ मिमी एफ/२.८ मध्ये ही फट बदलण्याची युक्ती आणली ती याचसाठी. तिच्याशिवाय ३० सेंमीवर कोपरे वाकून गेले असते.

मोठ्या अॅपर्चरच्या लेन्समध्ये कारण थोडं वेगळं. तिथे जवळ गेलं की गोलीय विपथन (काचेच्या मधले आणि कडेचे किरण एका जागी न जुळणं) वाढतं, सगळ्या चित्रावर दुधाळ पदर येतो आणि अॅपर्चर बंद करताना फोकसच सरकतो.

यवतेश्वर_घाट

मोजून आणलं. १२ वाजता २८.२१, ३ वाजता २८.१८, ६ वाजता २८.२०, ९ वाजता २८.२४. म्हणजे सरासरी २८.२१ च्या आसपास, ०.२९ ने पातळ. आणि डावी-उजवी बाजू ०.०६ ने तिरकी.

निकॉनच्या बॉडीवरही लावून बघितली. अनंत बरोबर अनंताच्या खुणेवर, एफ/८ ला कोपरे स्वच्छ, एफ/२.८ ला दोन्ही बाजू सारख्या. लेन्स सुटली.

आता अॅडॅप्टर फेकू की दुरुस्त करू?

कुपवाड_मायक्रॉन, सांगली

फेकू नका, हे घरी होण्यासारखं काम आहे.

आधी तिरकेपणा. ०.०६ हा बहुतेक मशिनिंगचा नसतो, जोडणीचा असतो. लेन्सकडची रिंग चार-सहा बारीक स्क्रूंनी बसवलेली असेल. ते काढा. स्क्रूड्रायव्हर जपानी मापाचा घ्या. साधा फिलिप्स वापरला की डोकं घासतं आणि मग ड्रिलशिवाय गत्यंतर नाही. स्क्रू कागदावर गोल काढून जागेवारी ठेवा. आतली लीफ स्प्रिंग कुठल्या बाजूला वाकलीये त्याचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा, ती उलटी बसली तर लेन्स लॉक होत नाही.

रिंगच्या खाली बघा: बऱ्याचदा ड्रिलच्या भोकाभोवती बर, म्हणजे धातूची वर उठलेली धार, राहिलेली असते, नाहीतर काळ्या रंगाचा थेंब वाळलेला. काचेच्या सपाट तुकड्यावर १००० नंबरचा वॉटर पेपर ठेवून रिंगची खालची बाजू दोन-तीन वेळा हलक्या हाताने गोल फिरवा. आकार घासायचा नाही, उंचवटा तेवढा काढायचा. मग केरोसीनने धुवा, पुसा, जोडा आणि परत चार ठिकाणी मोजा.

चारही आकडे ०.०१ च्या आत आले की मग शिम, म्हणजे जाडी भरून काढायचा पातळ पत्रा. हार्डवेअरच्या दुकानात किंवा टूलिंगवाल्याकडे पितळी शिम पत्रा मिळतो: ०.०५, ०.१०, ०.१५, ०.२५. तुम्हाला ०.२५ चा एकच तुकडा पुरे. दोन-तीन पातळ थर रचू नका, मधे तेलाचा थर राहतो आणि माप खोटं होतं. रिंग पत्र्यावर ठेवून आतून-बाहेरून सुईने रेघ मारा, बारीक कात्रीने कापा, स्क्रूची भोकं चामड्याच्या पंचाने. कापलेल्या कडा काचेवर ठेवून चमच्याच्या पाठीने घासून बसवा. वर आलेली कड ०.०३ सहज वाढवते आणि मग आपण शिमला शिव्या देतो.

बरोबर २८.५० गाठायचा हट्ट नको. २८.४५ वर थांबा. मग २४ ला अनंत ११-१२ मीटरच्या जागी लागेल, म्हणजे अनंताच्या खुणेच्या अगदी अलीकडे. फट तेवढ्यात ठीक राहते आणि कासच्या पठारावर भर उन्हात धातू थोडा प्रसरण पावला तरी अनंत हातचा जात नाही.

शिम स्प्रिंगखाली नको, रिंगखालीच. हे दोनदा सांगतोय, कारण चूक इथेच होते.

हळदफूल, सांगली

आणि ज्यांना हे सगळं करायचं नाही त्यांनी काय करावं? 😀

कुपवाड_मायक्रॉन, सांगली

थोडा महाग, नीट मापाचा अॅडॅप्टर घ्यावा, आणि तोही मोजून. किंमत जास्त म्हणजे माप बरोबर, असं काही नसतं.

भिंगवाला_मिरज

ट्यूबचा प्रश्न राहिला. पातळ अॅडॅप्टर जे उलट्या दिशेने करत होता तेच ट्यूब जोरात करते: लेन्स लांब नेते, पण फट रिंग सांगेल तीच. म्हणून ट्यूब लावली तर रिंग आधी सगळ्यात जवळच्या टोकाला, ३० सेंमीवर न्या, मग कॅमेरा पुढे-मागे करून फोकस. अनंतावर ठेवून ट्यूब लावली तर फट पूर्ण चुकीच्या टोकाला, आणि कोपरे गेलेच म्हणून समजा.

पण २४ ला ट्यूब मुळात फार मोठी होते. ई माउंटच्या ट्यूब १० आणि १६ मिमीच्या येतात. १० ची लावून रिंग ३० सेंमीवर ठेवली तर फूल पुढच्या काचेच्या चार-पाच सेंमीवर येतं. स्वतःचीच सावली पडते, आणि मागचं पठार, ढग, जे दाखवायला वाइड लेन्स नेली होती, ते ओळखूही येत नाही. यापेक्षा २८ मिमी एफ/२.८ एआय-एस शोधा. तिच्यातही फ्लोटिंग रचना आहे आणि ती आपल्या आपण २० सेंमीवर जाते.

नुसतं फुलाचं मुखच हवं असेल, सीतेची आसवे वगैरे, तर ७०-८० मिमीच्या पुढची लेन्स आणि तिच्यापुढे दोन काचांचा अॅक्रोमॅट क्लोजअप फिल्टर. +४ चा असेल तर मुख्य लेन्स अनंतावर ठेवून फूल २५ सेंमीवर फोकस होतं. फिल्टरमुळे मुख्य लेन्सला किरण लांबून आल्यासारखेच दिसतात, त्यामुळे तिच्या आतल्या फटीचा ताळा टिकतो. आणि इतक्या अंतरावरून ठरलेल्या वाटेवर उभं राहूनच काम होतं. फुलांच्या गालिच्यावर आडवं पडून काढलेला फोटो कितीही शार्प असला तरी तो काही कौतुकाचा नाही.

नवा_मिररलेस, कराड

विषयाला धरूनच विचारतो. माझी नवीन लेन्स बंद असताना हलवली की आत खडखड वाजते. चालू केली की आवाज नाही. फ्लोटिंग गट सुटलाय का?

भिंगवाला_मिरज

नाही. काही नव्या लेन्समध्ये फोकसचा गट लिनिअर मोटरवर असतो. वीज असेपर्यंत चुंबक त्याला जागेवर धरतो, बंद केली की तो रुळावर मोकळा घसरतो. स्टॅबिलायझरचा गटही काही लेन्समध्ये असाच वाजतो. चालू केल्यावरही वाजत असेल तर मात्र दाखवा.

काही नव्या लेन्समध्ये दोन फोकस गटांना दोन वेगळ्या मोटर असतात आणि कोणत्या अंतराला कोण कुठे हे लेन्समधल्या मेमरीत लिहिलेलं असतं. फायदा मोठा: गट हलके, फोकस झटपट आणि फोकस करताना चित्र आत-बाहेर होणं आटोक्यात. पण अशी लेन्स पडली आणि जवळचं चांगलं, लांबचं खराब, किंवा उलट असं दिसायला लागलं, तर एका गटाचा शून्य बिंदू हलला असण्याची शक्यता धरा. ते पेचकसाने जुळत नाही, सॉफ्टवेअर आणि चार्ट असलेल्या सर्व्हिस सेंटरलाच द्यावं लागतं.

जुन्या हाताच्या लेन्स उघडणाऱ्यांनाही एक सांगून ठेवतो. हेलिकॉइडचे, म्हणजे फोकस रिंगने एकमेकींत फिरणाऱ्या नळ्यांचे, आटे एकाहून जास्त तोंडांचे असतात. सोडवण्याआधी, दोन्ही नळ्या ज्या क्षणी सुटतात त्या जागी सुईने खूण करा, नुसती अनंतावर नको. चुकीच्या तोंडातून बसवलं तरी अनंताचा स्टॉप सरकवून लेन्स 'बरोबर' दिसते, पण फ्लोटिंग गट एक पायरी चुकलेला राहतो. अशा लेन्स सेकंड हँड बाजारात बऱ्याच फिरतात. घेताना एकाच फोटोवर जाऊ नका, ३० सेंमी, १ मीटर आणि अनंत असे तीन बघा. आणि दहापट व्ह्यूमध्ये रिंग थोडी पुढे, थोडी मागे फिरवा. दिशा बदलताना चित्र बाजूला उडी मारत असेल तर गटाच्या रोलरची कॉलर झिजलीये.

यवतेश्वर_घाट

झालं काम. ३ वाजताच्या स्क्रूखाली नव्हे, ९ वाजताच्या स्क्रूपाशी बर निघाली, म्हणून ती बाजू उचललेली होती. घासल्यावर चारही ठिकाणी २८.१८ ते २८.१९. ०.२५ चा शिम घालून आता २८.४३ ते २८.४४.

किल्ला आता अनंताच्या खुणेच्या किंचित अलीकडे फोकस होतो. एफ/८ ला कोपऱ्यातल्या झाडांची पानं मोजता येतायत. एफ/२.८ ला कोपरे अजून थोडे सॉफ्ट आहेत, पण चारही सारखे.

एक अडचण: शिममुळे स्क्रू आता दीड आट्यावरच धरतात असं वाटतंय.

कुपवाड_मायक्रॉन, सांगली

०.२५ ने एवढं कमी व्हायला नको, स्क्रू मुळातच आखूड दिलेत. तोच व्यास आणि तोच आटा, पण अर्धा ते एक मिमी लांब स्क्रू बघा. जुन्या लॅपटॉपच्या स्क्रूंमध्ये बऱ्याचदा जुळतात. घालण्याआधी भोकाची खोली टाचणीने मोजा, तळाला टेकला तर रिंग उचलेल आणि परत तिरकेपणा. समोरासमोरचे स्क्रू आलटून पालटून आवळा, डोक्यावर नेल पॉलिशचा एक ठिपका, आणि वाळल्यावर पुन्हा एकदा चार ठिकाणी मायक्रोमीटर.